ईएफ माउंटच्या पॉकेट ६के कॅमेऱ्यासाठी दीड लाखात कोणत्या प्राइम लेन्स घ्याव्यात?

सपरी (धागाकर्ता), रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मित्र पांढरकवड्याजवळच्या एका गावात येत्या जानेवारीपासून सुमारे ७० मिनिटांच्या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू करणार आहोत. गोष्ट जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) हमाली करणाऱ्या माणसाच्या घरातली आहे. त्यामुळे निम्म्याहून अधिक प्रसंग माजघरात, सपरीत (ओसरीत) आणि चुलीपुढे घडतात आणि उरलेले कापसाच्या वावरात व बंडीवर. कॅमेरा घेऊन झाला आहे. तो ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ६के असून वापरलेला आणि ईएफ माउंटचा आहे, म्हणजे त्याच्या कड्यावर कॅननच्या ईएफ पद्धतीच्या लेन्स बसतात. त्याच्यासोबत कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्स मिळाली आणि आतापर्यंतच्या सगळ्या चाचण्या आम्ही तिच्यावरच केल्या.

लेन्ससाठी दीड लाख रुपये बाजूला काढले आहेत. त्यातले चाळीस हजार माझ्या थोरल्या भावाने सोयाबीन विकून दिलेले आहेत, म्हणून चूक परवडणार नाही. वाचून वाचून १४, २४, ३५, ५० आणि ८५ मिमी असा पाच प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्सचा संच करावा असे आमचे ठरत आले आहे. हे योग्य आहे का? चित्रपटासाठी बनवलेली सिने लेन्सच घ्यावी की फोटोच्या लेन्सवर काम भागेल? एफ आकडा आणि टी आकडा यांत नेमका काय फरक असतो? सिरुईच्या नाइटवॉकर लेन्सची फार स्तुती वाचली, ती आमच्या कॅमेऱ्याला चालेल का?

वर्धाकाठ, रविवार, रात्री १०.२५

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण पैसे बुडण्याचा खरा धोका तिथेच आहे. नाइटवॉकर मालिकेतल्या २४, ३५ आणि ५५ मिमीच्या टी १.२ लेन्स मिररलेस कॅमेऱ्यांच्या माउंटसाठी बनवलेल्या आहेत. आपल्या ईएफ कॅमेऱ्यावर त्या बसणार नाहीत आणि मध्ये अडॅप्टर घालूनही उपयोग होणार नाही. माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर ईएफमध्ये ४४ मिमी असते, सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी आणि मायक्रो फोर थर्ड्समध्ये १९.२५ मिमी. जी लेन्स १८ मिमीवर प्रतिमा उमटवण्यासाठी घडवली आहे, ती ४४ मिमी दूर नेऊन बसवली तर अगदी तोंडाजवळची वस्तू तेवढी स्पष्ट दिसते आणि पलीकडचे सगळे धूसर राहते.

उलट बाजूने मात्र वाट मोकळी आहे. निकॉनच्या एफ माउंटचे हे अंतर ४६.५ मिमी आणि जुन्या एम४२ आट्यांच्या लेन्सचे ४५.४६ मिमी आहे. म्हणून अडीच किंवा दीड मिमीच्या चकतीने या लेन्स ईएफवर व्यवस्थित बसतात. जुन्या कॅनन एफडी लेन्सचे अंतर ४२ मिमी असल्याने त्या कितीही स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नयेत.

आता एफ आणि टी. एफ आकडा हा भूमितीचा आकडा आहे. फोकल लेन्थला, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याला, प्रकाश आत येण्याच्या भोकाच्या व्यासाने भागले की तो मिळतो. पण काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर थोडा प्रकाश परततो, थोडा शोषला जातो, आणि शेवटी सेन्सरवर किती पोचला ते टी आकडा सांगतो. एफ/१.४ ची लेन्स ८५ टक्के प्रकाश पोचवत असेल, तर १.४ ला ०.८५ च्या वर्गमुळाने भागावे. उत्तर साधारण १.५ येते. सॅमयांगच्या एफ/१.४ फोटो लेन्सच सिने रूपात टी १.५ म्हणून विकल्या जातात, त्या याच हिशेबाने. टी आकडा जुळवून लेन्स बदलली की एकाच प्रसंगातल्या दोन शॉटचा उजेड जुळतो. एफ आकडा जुळवून तो जुळेलच असे नाही.

आपल्याकडच्या एसटीएम लेन्सची अडचण वेगळी आहे. तिचे फोकसचे कडे काच प्रत्यक्ष हलवत नाही, ते आतल्या मोटारीला फक्त सूचना देते. कडे कितीही फिरवले तरी ते कुठे अडत नाही आणि त्याच्यावर खूण करता येत नाही. खूण करता आली नाही, तर फोकस ओढणाऱ्या, म्हणजे शॉट सुरू असताना फोकस बदलणाऱ्या, माणसाला दर टेकमध्ये अंदाजानेच काम करावे लागते.

टेपमापे, रविवार, रात्री ११.०२

आधी माजघराची मापे द्या. खोली न मोजता लेन्स ठरवणे म्हणजे नवरदेव न पाहता शेरवानी शिवण्यासारखे आहे.

सपरी, सोमवार, सकाळी ७.४०

आजच मोजून आलो. माजघर १० बाय १२ फुटांचे आहे. एका भिंतीला कोठी आणि दुसऱ्या भिंतीला बाज असल्यामुळे कॅमेरा दारात ठेवूनही पात्रापासून जास्तीत जास्त ८ फूट लांब जाता येते. सपरीत १४ फूट मिळतात, आणि आंगणात उतरलो तर २५. वर कवेलू आहेत आणि आढे बरेच उंच आहे, त्यामुळे वरून दिवा टांगता येईल. माजघरात एकच एलईडी बल्ब आहे. चुलीचा प्रसंग चुलीच्याच उजेडात करावा अशी आमची फार इच्छा आहे.

टेपमापे, सोमवार, दुपारी १.१५

आता बोलता येईल. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.१ मिमी रुंद आणि १२.९९ मिमी उंच आहे. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेन्थ, गुणिले पात्रापर्यंतचे अंतर, असा हिशेब केला की चौकटीत किती रुंदी मावते ते कळते. आपल्या ८ फुटांवर २४ मिमीमध्ये सुमारे ७.७ फूट रुंदी येते, ३५ मध्ये ५.३ फूट, ५० मध्ये ३.७ फूट आणि ८५ मध्ये जेमतेम २.२ फूट. ताटाभोवती बसलेली चार माणसे दाखवायची असतील तर २४ हवी. पाटावर बसलेला एक माणूस आणि त्याच्यामागची कोठी एवढेच दाखवायचे असेल तर ३५ पुरे, कारण तिच्यात उंची ३ फूट मिळते आणि मांडी घातलेला माणूस तेवढ्यात बसतो. माजघरात ८५ लावली तर चेहऱ्याशिवाय काही दिसणार नाही, आणि आपल्या गोष्टीत घर हेही एक पात्र आहे असे आपल्या लिहिण्यावरून वाटते.

म्हणून १४ मिमीचा विचार सोडून द्यावा. ती १० फुटांची खोली २० फुटांची भासवते आणि हमालाचे घर वाड्यासारखे दिसू लागते. शिवाय सॅमयांगच्या १४ मिमीची पुढची काच फुगीर असल्याने तिच्यावर आटे असलेला फिल्टर बसत नाही.

फोकसच्या खोलीचाही, म्हणजे पुढेमागे किती अंतर स्पष्ट राहते त्याचाही, विचार व्हावा. माणसाच्या पायांखाली जमीन किती आहे हे जसे पाहतात, तसे फोकस ओढणाऱ्याने ही खोली पाहायची असते. ८ फुटांवर, अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे भोक) एफ/१.४ ला पूर्ण उघडे ठेवले, तर ३५ मिमीला सुमारे २७ सेंटीमीटर खोली स्पष्ट राहते, ५० ला १३ आणि ८५ ला ५ सेंटीमीटरहूनही कमी. चुलीपुढे बाई भाकर थापताना पुढेमागे डुलते. २७ सेंटीमीटरमध्ये ती सांभाळता येते, पाचमध्ये पहिल्या भाकरीलाच सुटते.

अंधारखोली, सोमवार, सायंकाळी ६.३०

माझे मत थोडे निराळे आहे. सिग्माची १८-३५ मिमी एफ/१.८ ही २०१३ साली आलेली झूम या सेन्सरला पुरेशी पडते, ईएफ माउंटमध्ये मिळते आणि वापरलेली घेतली तर अंदाजपत्रकाचा निम्म्याहून अधिक भाग शिल्लक राहतो. धागाकर्त्यांना लागणाऱ्या २४ आणि ३५ या दोन्ही फोकल लेन्थ तिच्यातच आहेत. प्राइमचा आग्रह कशासाठी?

वर्धाकाठ, सोमवार, रात्री ९.५०

चित्राच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही. या वर्गातल्या कॅमेऱ्यांवर ती झूम हजारो लोकांनी वापरली आहे. अडचण कड्याची आहे. तिचे फोकसचे कडे थोडेसे फिरवले की जवळून अनंतापर्यंत पोचते, आणि दोन्ही टोकांना ते घट्ट अडण्याऐवजी पुढे फिरतच राहते. फॉलो फोकसच्या, म्हणजे फोकसचे कडे फिरवणाऱ्या दातेरी उपकरणाच्या, चकतीवर केलेली खूण अशा वेळी सरकते. सिने लेन्सचे कडे लांब फिरते आणि टोकाला ठामपणे थांबते. ५ फुटांची आणि ५ फूट ३ इंचांची खूण त्यावर वेगवेगळी करता येते. कड्याला फॉलो फोकसमध्ये अडकणारे ०.८ मॉड्यूल मापाचे दात आधीच कापलेले असतात, आणि अॅपर्चर खटक्यांशिवाय फिरते, त्यामुळे दारातून उन्हात जाणाऱ्या पात्रामागे शॉट सुरू असतानाच ते हळूहळू बंद करता येते. एकट्याने माहितीपट करायचा असता तर मीही झूमच सुचवली असती.

सॅमयांगच्या सिने लेन्सच्या व्हीडीएसएलआर मालिकेचे दोषही सांगून ठेवतो, नाहीतर नंतर मला बोल लावाल. काच तीच फोटोच्या लेन्सची आहे, फक्त अंगाला दात आणि बाजूला आकडे दिले आहेत. फोकस जवळून दूर नेताना चौकट किंचित आकसते किंवा पसरते, त्याला ब्रीदिंग म्हणतात, आणि ते या लेन्समध्ये दिसते. जुन्या आवृत्तीत प्रत्येक लेन्सचे दात वेगळ्या जागी आहेत, म्हणून लेन्स बदलली की फॉलो फोकसही सरकवावा लागतो. झीन किंवा डीझेडओफिल्मच्या व्हेस्पिड लेन्समध्ये हा त्रास नाही, अंग धातूचे आहे आणि पुढचा व्यास संचभर जवळपास एकच ठेवला आहे. पण दीड लाखात त्यांचा संच होत नाही. त्या एखाद्या आठवड्यासाठी भाड्याने आणाव्यात.

निंबोणी, मंगळवार, दुपारी ३.२०

मी ब्रह्मपुरीकडची. गेली काही वर्षे झाडीपट्टीच्या नाटकांवर माहितीपट करते आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडशाच्या मंडळ्या गावोगाव फिरतात आणि नाटक रात्रभर चालते. माझ्याकडच्या तिन्ही लेन्स निकॉनच्या जुन्या, हाताने फोकस करायच्या एआय-एस मालिकेतल्या आहेत: २८ मिमी एफ/२.८, ५० मिमी एफ/१.४ आणि १०५ मिमी एफ/२.५. तिन्ही मिळून एका नव्या सिने लेन्सपेक्षा कमी पैशांत आल्या. अंग धातूचे आहे, कडे टोकाला थांबते, अॅपर्चरचे कडे लेन्सवरच आहे, आणि तिन्हींच्या पुढच्या आट्यांचा व्यास ५२ मिमी आहे. म्हणजे एकाच मापाच्या तीन स्टेप-अप रिंग (लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणारी कडी) घेतल्या की एकच मोठा फिल्टर सगळ्यांना चालतो.

पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. निकॉनचे कडे सिने लेन्सच्या उलट दिशेने फिरते. माझा भाचा फोकस ओढतो, त्याचा हात याच दिशेला बसलेला आहे, आणि सिने लेन्स हातात आली की तो पहिले दोन तास पात्र पुढे आले की फोकस मागे नेतो. दुसरी गोष्ट अडॅप्टरची. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात, म्हणजे लेन्स अनंतापर्यंत पोचण्याची खात्री राहते. त्यामुळे ती अनंताच्याही पुढे जाते आणि तिच्यावर छापलेले आकडे खोटे ठरतात. मी पांढऱ्या चिकटपट्टीची गोल पट्टी कड्यावर लावते आणि टेपने मोजून स्वतःच्या खुणा करते.

एम४२ मध्ये पेंटॅक्सची सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ दिसली तर तिच्यातून पांढरा कागद पाहून घ्यावा. तिच्या नंतरच्या आवृत्तीच्या काचेत थोरियम आहे आणि वर्षानुवर्षांत ती पिवळी पडते. काही दिवस उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवली की पिवळेपणा उतरतो. ऊन आपल्याकडे फुकट आहे, पण मे महिन्यात हा प्रयोग करू नये, कारण कड्यातले ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर उतरते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लेन्सची पेटी बंद गाडीत ठेवणेही तितकेच वाईट.

सपरी, मंगळवार, रात्री ८.४५

निंबोणीताई, आपण फार मोलाची माहिती दिलीत. एक शंका आहे. काही लेन्स सॅमयांगच्या आणि काही जुन्या निकॉनच्या असे मिसळले तर चालेल का?

निंबोणी, मंगळवार, रात्री ९.३०

चालते, पण एकाच प्रसंगात शक्यतो मिसळू नका. एकदा मी भाड्याच्या दुकानातून आणलेली ३५ मिमी माझ्या ५० सोबत वापरली. बोलणाऱ्या नटाचे धोतर पांढरे आणि ऐकणाऱ्याचे साय धरल्यासारखे पिवळट आले. संपादनात ते जुळवायला तीन रात्री गेल्या. घेण्यापूर्वी सगळ्या लेन्समधून एकाच उजेडात पांढरे धोतर आणि माणसाचा चेहरा चित्रित करून पाहा. रंग तपासण्याच्या पाट्यांपेक्षा धोतर लवकर खरे बोलते.

वर्धाकाठ, बुधवार, सकाळी ११.००

पैशांच्या वाटणीत एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे एनडी फिल्टर, लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी गडद काच. वावरात दुपारी काम करायचे आहे ना? या कॅमेऱ्याचे मूळ आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याच्या संवेदनशीलतेचे आकडे, ४०० आणि ३२०० असे दोन आहेत. भर उन्हात आयएसओ ४०० आणि शटर १/५० सेकंद धरले तर उजेड जुळायला अॅपर्चर जवळपास एफ/४५ लागेल. एवढे बंद होणारे अॅपर्चर या लेन्समध्ये नसतेच. एफ/२.८ वर यायचे असेल तर आठ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश अडवावा लागतो, म्हणजे २.४ घनतेचा एनडी. ६के प्रो कॅमेऱ्यात २, ४ आणि ६ स्टॉपचे फिल्टर आतच असतात, आपल्या साध्या ६के मध्ये ते नाहीत. फिरवून गडद होणारा व्हेरिएबल एनडी स्वस्त वाटतो, पण गडद टोकाला नेला की आभाळावर काळ्या फुलीसारखी सावली उमटते. पऱ्हाटीच्या वर मोकळे आभाळ असताना ती लपत नाही.

फिल्टर अवरक्त किरणही अडवणारा असावा. साधा गडद एनडी दिसणारा प्रकाश अडवतो, पण अवरक्त किरण निसटून सेन्सरवर पोचतात आणि काळे सिंथेटिक कपडे तांबूस दिसू लागतात.

निंबोणी, बुधवार, सकाळी ११.४०

याला माझी साक्ष आहे. नाटकातल्या वकिलाचा काळा टेरिकॉटचा कोट दुपारच्या तालमीत मरून रंगाचा आला होता. आम्ही त्याचे दृश्य रात्री पुन्हा घेतले.

अंधारखोली, बुधवार, दुपारी २.०५

झूमचा मुद्दा मी मागे घेतो. एलईडी बल्बबद्दल मात्र लिहितो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. सेकंदाला २४ फ्रेमवर शटरचा कोन (दर फ्रेमला शटर किती वेळ उघडे राहते त्याचे माप) १८० अंश ठेवला तर काही बल्ब चित्रात लुकलुकतात. कोन १७२.८ अंश ठेवावा, म्हणजे शटर नेमके १/५० सेकंद होते. चुलीच्या उजेडाला ही अडचण नाही. तिथे आयएसओ ३२०० आणि टी १.५ ठेवा, आणि कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला आणखी एक चूल पेटवा.

सपरी, पुढच्या रविवारी, रात्री १०.१५

परवा नागपूरला जाऊन एका दिवसासाठी सॅमयांगच्या २४, ३५ आणि ८५ भाड्याने आणल्या आणि माजघरात, सपरीत, वावरात प्रत्यक्ष पाहिले. आईला चुलीपुढे बसवले, वडिलांना धोतर नेसवून दारात उभे केले.

२४ मिमीमध्ये चौघांचे जेवण मावले, पण दाराच्या कडेला बसलेल्या काकूंचा चेहरा ताणल्यासारखा दिसला, त्यामुळे कडेला माणूस बसवायचा नाही असे ठरवले. ३५ मिमी पाहताच आम्ही चौघे एकदम गप्प झालो. आई, कोठी, वरून येणारा कवेलूच्या फटीतला उजेड, सगळे जिथल्या तिथे होते. ८५ मिमी माजघरात निरुपयोगी ठरली, पण वावरात ६० फुटांवरून बैलजोडीसह अख्खी बंडी तिच्यात बसली आणि मागची पऱ्हाटी दाट झाल्यासारखी भासली. ती आम्हाला चारच दिवस लागणार आहे.

ठरले ते असे. २४ आणि ३५ टी १.५ विकत घ्यायच्या, ८५ त्या चार दिवसांपुरती भाड्याने आणायची, आणि उरलेल्या पैशांत अवरक्त अडवणारे दोन एनडी, फॉलो फोकस आणि हवाबंद डबा घ्यायचा. २४ आणि ३५ या दोन्हींच्या पुढचे आटे ७७ मिमीचे आहेत, म्हणून फिल्टर त्याच मापाचे घेतो. ८५ चे ७२ आहेत, तिला एक रिंग लावू.

निंबोणी, सोमवार, सकाळी ६.५०

डब्यात सिलिका जेलसोबत छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. पावसाळ्यात तो ६० च्या वर राहिला तर काचेवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि कोटिंग खाऊन टाकते. जिनिंगमध्ये चित्रीकरण करणार असाल तर रुईचे तंतू पुढच्या काचेवर बसतातच. ते फुंकणीने उडवावेत, सदऱ्याच्या टोकाने पुसू नयेत.

सपरी, वीस दिवसांनंतर, रात्री ९.००

दोन्ही लेन्स आल्या. धोतराची चाचणी झाली, रंग जुळतात. एकच काळजी आहे. ३५ मिमीवर पात्र स्पष्ट दिसते तेव्हा कडे ८ फूट दाखवते, आणि टेप ७ फूट ७ इंच. दहादा करून पाहिले, दर वेळी तेवढाच फरक येतो. मध्ये अडॅप्टरही नाही. लेन्स परत पाठवावी का?

टेपमापे, त्याच रात्री, ९.२०

टेपचे टोक कुठे धरले होते?

सपरी, रात्री ९.२५

लेन्सच्या पुढच्या काचेशी.

टेपमापे, रात्री ९.३१

लेन्सवरचे आकडे सेन्सरपासून मोजलेले असतात. तो माउंटच्या कड्यापासून ४४ मिमी मागे आहे, आणि त्यात लेन्सची स्वतःची लांबी मिळवा. हरवलेले पाच इंच तिथे सापडतील.

सपरी, रात्री ९.५५

सापडले.